किलकेनीत गार झालेला गहवा

परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "आयर्लंड कसं आहे?" हिरवं आहे, ओलं आहे आणि माणसाला दमवतं, एवढं मी सांगतो. समोरच्याला किल्ल्याचे आणि समुद्राचे फोटो बघायचे असतात, ते मी मोबाइलवर दाखवून टाकतो. मला स्वतःला आठवतं ते एक जेवण, आणि तेही आयरिश नव्हे. अरबांच्या देशातल्या, दुबईजवळच्या रास अल खैमाच्या एका कुटुंबाने ते किलकेनी नावाच्या लहानशा गावात आम्हाला वाढलं होतं. हे लिहायला बसलोय तेव्हा आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर रंगारी भिंती घासताहेत. त्या आवाजाचा आणि त्या जेवणाचा संबंध आहे, म्हणून आधी इमारतीबद्दल सांगतो.

मी तासगावचा बेदाण्याचा व्यापारी. सुरुवात सांगलीच्या हळद बाजारात पोती उचलून केली. पुढे स्वतःचा माल, स्वतःची शेड, आणि मग दुबईला माल पाठवू लागलो. मुलगी अश्विनी, आमची आशू, लहान मुलांची डॉक्टर झाली तेव्हा मी स्टँडच्या मागच्या रस्त्याला दवाखान्यासाठी इमारत बांधली. दारावरची पाटीसुद्धा तिच्या नावाने रंगवून घेतली. ती म्हणाली, "अण्णा, तीन वर्षं आयर्लंडला शिकून येते." पाटीला कापड गुंडाळून ठेवलं. त्या तीन वर्षांनंतर तिथे लग्न झालं, नात झाली, नात शाळेत जायला लागली. खालच्या मजल्यावर बेदाण्याचे बॉक्स, वरच्या मजल्याला कुलूप. मध्यंतरी तिचा वर्गमित्र डॉ. प्रसाद माने येऊन म्हणाला, "काका, इमारत नुसतीच पडून आहे, मला चालवायला द्या." त्याला मी असा झापला की जाताना तो चपला हातात घेऊन जिना उतरला.

तर मी आयर्लंडला गेलो तो मुलीला परत आणायला. मालिनी, म्हणजे आमच्या मंडळी, गुडघ्यामुळे आल्या नाहीत. बॅग भरताना म्हणाल्या, "बघायला चाललाय का भांडायला?"

"सौदा करायला," मी म्हणालो.

"मुलीशी?"

मी चेन ओढली आणि विषय संपवला.

ओंगार

डब्लिनला उतरल्यावर पहिले दोन दिवस जावयांच्या मित्राकडे होतो. निखिलराव, आमचे जावई, पुण्याचे. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतात. त्यांचा मित्र डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार नावाच्या वसाहतीत राहतो. तिथली घरं एका साच्यातून काढल्यासारखी. तेच दार, तीच खिडकी, पुढे रुमालाएवढं गवत. त्या मित्राने घर नुकतंच विकत घेतलं होतं. जेवताना सगळी मंडळी घर, कर्ज आणि शाळा याशिवाय बोलत नव्हती. आशू माझ्याकडे बघायची आणि विषय बदलायची. मला ते दिसत होतं. भाव फोडायच्या, म्हणजे आकडा सांगायच्या आधी माणूस असाच इकडचं तिकडचं बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच फिरायला निघालो आणि घर हरवलं. पाऊस म्हणावा तर नाही, नाही म्हणावा तर अंग ओलं. अंदाजाने एका दाराची बेल दाबली. दार एका म्हाताऱ्या आयरिश बाईने उघडलं. माझ्याकडे बघितलं, ओल्या बुटांकडे बघितलं आणि आत बसवलं.

"चहा घेणार?" तिने विचारलं. मी नको म्हणालो. "घ्या की." मी परत नको म्हणालो. "अहो, घोटभर तरी." तेव्हा मी हो म्हणालो आणि ती अशी हसली की जणू बरोबर उत्तर आलं. नंतर आशूने सांगितलं, इथेही पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. तेवढ्यापुरता तो देश मला तासगावसारखा वाटला. त्या बाईने मग शेजाऱ्यांना फोन करकरून माझं घर शोधून काढलं.

किलकेनी

आशूचं गाव किलकेनी. जुना किल्ला, काळ्या दगडाच्या अरुंद गल्ल्या, शहरामधून वाहणारी नोअर नदी. हॉस्पिटलच्या कामाला ती सकाळी जायची आणि यायची तेव्हा तिचा चेहरा उतरलेला असायचा. चहा उभ्यानेच, ओट्याला टेकून, दोन घोटांत संपवायची. बोलायला वेळ मिळायचा नाही, की ती मिळू द्यायची नाही, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे दिवस संपतच नसे. माझी झोप उडाली. नात सई शाळेतून आली की मी विचारायचो, "काय शिकवलं आज?" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर यायचं, "इट वॉज ग्रँड, आजोबा." रोज ग्रँड. त्यापुढे तिचं गाडं जात नसे.

मालिनीसाठी लोकरीची शाल घ्यायची होती. दुकानातल्या बाईशी मी भाव करायला गेलो. ती गोड हसून म्हणाली, किंमत लिहिली आहे तीच आहे. मग मी आयुष्यभर केलं तेच केलं, शाल काउंटरवर टाकली आणि पाठ फिरवून चालू लागलो. आपल्याकडे माणूस दारापर्यंत पोचायच्या आत हाक येते. इथे मी दार ओलांडलं, रस्ता ओलांडला, नदीच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. हाक काही आली नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली. मुकाट्याने परत गेलो आणि लिहिलेल्या किमतीला शाल घेतली. त्या बाईने मला ओळखही दाखवली नाही. तिला कदाचित तेच शहाणपणाचं वाटलं असेल.

मुलीच्या बाबतीतही माझा डाव तोच होता. आल्यापासून मी इमारतीचं नावही काढलं नव्हतं. गप्प राहायचं, ती स्वतःहून बोलेल. जायचा दिवस जवळ येत चालला तरी तिच्याकडून हाक नव्हती.

अशात एका संध्याकाळी ती म्हणाली, "अण्णा, रविवारी मरियमकडे जेवायला जायचंय. माझ्याबरोबर काम करते. रास अल खैमाची आहे. तिचे आईवडील आलेत, त्यांनी मुद्दाम तुम्हाला बोलावलंय."

"मला कशाला?"

"तुम्ही दुबईशी व्यापार करता म्हणून सांगितलं मी. त्यांच्या पद्धतीचं जेवण आहे. बघा तरी ती माणसं कशी राहतात ते."

माझ्या डोक्यात एक जुनी सल आहे. दुबईला मी इतक्या खेपा केल्या, देरा बाजारातल्या गोदामांतून पायांचे तुकडे पाडून घेतले, पण तिथल्या मूळच्या एकाही माणसाने मला घरी पाणी प्यायला बोलावलं नाही. माझा सगळा व्यवहार त्यांच्या मल्याळी मॅनेजरांशी. मालक काचेच्या खोलीत बसलेला दिसायचा, मान हलवायचा, संपलं. मी म्हणालो, "तिथे नाही बोलावलं, आता आयर्लंडला बोलावताहेत."

"मग येताय ना?"

"येतो. मटण असणार ना?"

मरियमच्या घरी

मरियमचं भाड्याचं घर गावाबाहेर होतं. दारातच बूट काढायला लावले, ते मला बरं वाटलं. आत पुढच्या खोलीतलं फर्निचर भिंतीला लावून खाली गालिचा अंथरला होता. पांढऱ्या पायघोळ झग्यातला उंच, वाळका म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, "आओ सेठ, आओ. इधर बैठो, मेरे पास."

मी दचकलो. हिंदी चक्क भेंडी बाजारातली.

त्यांना सगळे अबू राशिद म्हणत होते, म्हणजे राशिदचा बाप. आपल्याकडे थोरल्या पोराच्या नावाने आईला हाक मारतात, तसं त्यांच्यात बापालाही मारतात. त्यांचे वडील मोत्यांचे व्यापारी. अर्धं वर्ष मुंबईत असायचे, लहानपणी हेही बरोबर. पुढे तांदूळ आणि कापडासाठी स्वतः मुंबईला खेपा घालत राहिले. मरियमची आई काळ्या वस्त्रात, डोक्यावरून ओढणी घेतलेली, पलीकडच्या कडेला आशू आणि सईला घेऊन बसली. "हमारे उधर औरत लोग अलग बैठता है," म्हातारे म्हणाले, "इधर घर छोटा है, तो सब साथ. कोई बात नहीं."

आधी खजूर आणि गहवा आला. गहवा म्हणजे त्यांची कॉफी. दूध नाही, साखर नाही, फिकट पिवळट रंग, वेलदोडा आणि केशर. चोचीच्या पितळी भांड्यातून अबू राशिद स्वतः उभे राहून ओतत होते, भांडं डाव्या हातात, पेला उजव्या हाताने पुढे. बिनकानाचा, लिंबाएवढा पेला, आणि त्यातही तळाला जेमतेम घोटभर. मी प्यायलो, त्यांनी परत भरला. परत प्यायलो, परत भरला. पोट काय म्हणेल या काळजीने मी आशूकडे बघितलं. ती हसू दाबत म्हणाली, "अण्णा, पुरे असेल तर पेला असा हलवून द्यायचा. नाही तर ते सकाळपर्यंत ओततील." तिने मनगट दोनदा हलवून दाखवलं. मी हलवला. म्हाताऱ्यांनी लगेच पेला घेतला. तोंडाने नको नको म्हणायची भानगड नाही. मला ही पद्धत आवडली.

मी हळद बाजारात उमेदवारी केल्याचं बोलता बोलता निघालं. तिथे पूर्वी हातावर रुमाल टाकून सौदा व्हायचा. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव बोलायचा, आजूबाजूच्या कुणाला कळायचं नाही. म्हाताऱ्यांचे डोळे चमकले. "मोती का सौदा भी ऐसाच," ते म्हणाले, "लाल कपड़े के नीचे. मेरे बाप ने सिखाया." त्यांनी स्वयंपाकघरातून हात पुसायचं फडकं मागवलं आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं.

"क्या बेचते हो?" मी विचारलं.

"ये दल्ला," म्हणजे ते कॉफीचं भांडं.

मी बोटं धरली. खुणा हुबेहूब नव्हत्या, पण दोन्ही बाजारांना समजण्याइतक्या जवळ होत्या. ते चढवायचे, मी उतरवायचो. त्यांचा हात कोरडा, हाडं लागणारा. मी फडक्याखालून त्यांचं बोट सोडून उठल्यासारखं केलं, तर त्यांनी मनगटच पकडलं. "भागता किधर है?" ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही हसलो. आयर्लंडला आल्यापासून मी पहिल्यांदा हसलो असेन. शेवटी मरियमच्या आईने अरबीत काहीतरी सुनावलं आणि फडकं काढून घेतलं. जेवण निवत होतं.

जेवणाचं वर्णन करायला हवं, कारण तेच बघायला आम्हाला बोलावलं होतं. मधोमध एक प्रचंड थाळा. त्यात मछबूस, म्हणजे मटणाच्याच पाण्यात शिजवलेला भात. मसाला आपल्या ओळखीचा, पण मधूनच एक आंबट, धुरकट चव. ती वाळवून काळ्या केलेल्या लिंबाची. वर तळलेला कांदा, चण्याची डाळ आणि बेदाणे. बेदाणा मी बोटांत धरून दाबला. आपला नव्हता. लांबट, पण आत गर कमी.

"क्या हुआ सेठ?" अबू राशिदांनी विचारलं.

"कुछ नहीं. अगली बार मैं भेजूँगा."

"देखा," ते मरियमला म्हणाले, "इसको बोलते हैं व्यापारी."

दुसऱ्या भांड्यात हरीस होतं. गहू आणि मटण तासन् तास शिजवून घोटलेलं, वर तूप. आमच्याकडच्या खपली गव्हाच्या खिरीतला गूळ काढून मटण घातलं तर ते होईल. सगळ्यांनी एकाच थाळ्यातून, उजव्या हाताने, आपापल्या समोरचं खायचं. इतके दिवस काट्याचमच्याने भात टोचून कंटाळलो होतो, हाताने पहिला घास घेतला तेव्हा खरंच जेवल्यासारखं वाटलं. म्हातारे स्वतः थोडंच खात होते. मऊ मटण सोडवून माझ्या बाजूला ढकलत होते. मी थांबलो की तेही थांबायचे, मी घास घेतला की तेही घ्यायचे. पाहुण्याच्या आधी यजमानाने हात आवरायचा नाही, असा त्यांचा नियम. आमच्याकडे आग्रह तोंडाने होतो, त्यांच्याकडे बोटांनी.

मी मनातली सल विचारून टाकली. "इतने साल दुबई आया. किसी ने घर नहीं बुलाया."

म्हाताऱ्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. "कितना दिन रहते थे?"

"काम होने तक. दो दिन, बहुत हुआ तो तीन."

"सुबह आया, सौदा किया, शाम को हवाई जहाज," ते म्हणाले. "बैठे कब? बैठनेवाले को बुलाते हैं ना."

मी घास घेतला. उत्तर होतं, पण मला ते पटलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मॅनेजर लोक आम्हाला बसू देत नव्हते, ते त्यांना कुठे माहीत.

शेवटी तळलेले गोल गोळे आले, वरून खजुराची काकवी ओतलेली. सईच्या हनुवटीवरून काकवी ओघळत होती. खोलीत सुख होतं. तेवढ्यात मरियम सहज मला म्हणाली, इंग्रजीत, पण मला कळेल असं सावकाश, "अंकल, तुम्ही यांचं नवीन घर बघितलं का? मागची बाग किती छान आहे. सईची खोली तर मला सगळ्यात आवडली."

निखिलरावांना ठसका लागला. आशू थाळ्याकडे बघत राहिली.

"बघितलं नाही," मी म्हणालो.

मरियमच्या लक्षात आलं. ती भांडी उचलून आत गेली.

मला राग येतो तेव्हा कानामागे गरम होतं. ओरडलो असतो, पण परक्या घरात, त्यांचं मीठ खाऊन, ते जमेना. मी एकदम दमलो. घर घेतलं होतं. ठरवून, सह्या करून, मैत्रिणीला दाखवून, नातीची खोली वाटून झाली होती. आणि मी इथे गप्प राहून हाकेची वाट बघत होतो.

पुन्हा गहवा आला. अबू राशिदांनी पेला माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला.

आमच्याकडे याचा अर्थ कुणालाही कळतो. रुसलेला व्याही लग्नघरात चहाला हात लावत नाही. मग मुलीकडचे धावतात, काय चुकलं विचारतात, पाया पडतात. आशूला तो अर्थ कळावा म्हणूनच मी पेला ठेवला होता. पण त्या खोलीत झालं वेगळंच. म्हातारे ओतता ओतता थांबले. दल्ला त्यांनी खाली ठेवला, माझ्यासमोर मांडी घालून बसले. मरियमची आई आमच्याकडे वळली. आतून मरियम दारात येऊन उभी राहिली.

अबू राशिदांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. उजवा हात छातीवर ठेवून म्हणाले, "पियो, सेठ. हो गया."

"क्या हो गया?"

"जो माँगने आए हो. दिया."

मी आशूकडे बघितलं. ती कोरड्या आवाजात म्हणाली, "अण्णा, त्यांच्यात असं आहे. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो गहवा न पिता खाली ठेवतो. यजमानाने कबूल केलं की मगच पितो."

"पण मी मागितलं कुठे? त्यांनी ऐकलं कुठे?" आणि म्हाताऱ्यांना म्हणालो, "सुने बगैर दे दिया?"

"सुन के तो दुकानदार देता है," ते म्हणाले. "घर में नहीं."

आता खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते आणि आशूच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. ती काय भीत होती ते मला स्वच्छ दिसलं. मी म्हणू शकत होतो, माझी मुलगी माझ्याबरोबर परत पाठवा. म्हाताऱ्यांनी शब्द दिला होता, ते तिच्याकडे वळून बोलले असते, आणि त्या घरात, त्या माणसांसमोर, ती नाही म्हणू शकली नसती. इतकी चांगली संधी मला बाजारात फार वेळा मिळालेली नाही. समोरचा अडकलेला असला की भाव फोडायचा, हे मी पोती उचलायच्या वयात शिकलो.

सईने विचारलं, "व्हॉट डू यू वॉन्ट, आजोबा?" तिच्या हनुवटीला अजून काकवी होती.

"आप मेरे घर आओ," मी म्हाताऱ्यांना म्हणालो. "तासगाव. मेरी बीवी के हाथ का मटन खाओ. होटल में नहीं रहने का, मेरे घर."

"बस?"

"बस."

"आएगा," ते म्हणाले. "पियो."

मी प्यायलो. गार झाला होता आणि फार कडू. पेला हलवून परत दिला. आशूने ओढणीने सईची हनुवटी पुसली. गरजेपेक्षा बराच वेळ पुसत राहिली.

निघायच्या आधी मरियमच्या आईने निखाऱ्यावर अगरूच्या सुगंधी लाकडाची कपची टाकून धुपाटणं फिरवलं. धूप फिरला की पाहुण्याने उठायचं, आपल्याकडे विडा दिल्यासारखं. पण तो धूर छताला लावलेल्या आगीच्या भोंग्याला लागला आणि अख्खं घर किंचाळायला लागलं. निखिलराव खुर्चीवर चढून पुठ्ठ्याने वारा घालत होते, सई कान झाकून हसत होती. त्या गोंधळात दारापाशी बूट घालताना अबू राशिद माझ्याजवळ आले. त्यांना बहुतेक सगळं कळलं होतं.

"मेरी मरियम वापस आएगी," ते हळू आवाजात म्हणाले. "सरकार के पैसे से पढ़ती है, करार है. आना पड़ेगा."

"नसीबवाले हो."

"पता नहीं," ते म्हणाले. "करार नहीं होता तो आती क्या? ये मैं कभी नहीं पूछता."

गाडीत निखिलराव म्हणाले, "अण्णा, आम्ही सांगणारच होतो."

"गाडी चालवा, निखिलराव."

निघायच्या आधी

पुढचे दिवस मी बोललो नाही असं नाही. बोललो, आणि वाईटच बोललो. कुणासाठी बांधली ती इमारत, असं विचारलं. आशूही माझीच मुलगी. म्हणाली, "मला विचारून बांधली होती का?" निखिलराव कामाचं निमित्त करून डब्लिनला गेले. मी मालिनीला फोन केला. ती म्हणाली, "झालं भांडून? आता घर बघून या." मग एका दुपारी ते घर बघून आलो. बाग चांगली होती. मागच्या कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या. खिडक्यांची लाकडं मी ठोकून बघितली, एक फुगलेली निघाली, ती बदलून घ्यायला लावा म्हणालो.

निघायच्या दिवशी सकाळी आशूने रजा घेतली होती. सई शाळेला गेली. बॅगा दारात. आशूने चहा केला, आलं घालून, आईसारखा. माझा कप माझ्यासमोर ठेवला. स्वतःचा घेऊन ती टेबलाशी बसली, माझ्यासमोर. ओट्याला टेकली नाही. मी चहा संपवला. तिचा तसाच. साय धरली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ती कपाकडेसुद्धा बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

लहानपणीही ती कधी हट्ट करून मागत नसे. दुकानासमोर नुसती उभी राहायची.

मी ओळखलं. माझा पहिला विचार, खरं सांगतो, हाच होता की आधी काय हवं ते विचारावं. माल न बघता मी आजवर किंमत बोललेलो नाही. आशीर्वाद हवा असेल, वास्तुशांतीला आम्ही दोघांनी यावं असं असेल, तर ते मी देणारच होतो. पण तेवढ्यासाठी ती चहाची साय धरू देणार नाही, हेही मला कळत होतं. मी खिडकीबाहेर बघितलं. भुरभुर चालू होती. फार दमलो होतो.

"चहा पी," मी म्हणालो.

"अण्णा, आधी ऐकून तर—"

"पी म्हटलं ना. निवला."

तिने कप उचलला आणि साय बाजूला न करता सगळा चहा प्यायली. मग म्हणाली, "इमारत प्रसादला द्या. लहान मुलांचा दवाखाना त्याला चालवू द्या. पाटीवर त्याचं नाव लावा. कापडात गुंडाळलेलं माझं नाव मला सहन होत नाही, अण्णा. दर वेळी आई फोनवर सांगते, अण्णा आज पण पाटी पुसून आले."

कानामागे गरम झालं. त्या प्रसाद मान्याला मी जिन्यावरून घालवून दिला होता. दुसऱ्या कुणी हे मागितलं असतं तर मी त्याला काय काय ऐकवलं असतं. मुलगी गेली ती गेली, वर तिची पाटीपण काढा. माझी तक्रार तेव्हाही खरी होती, आजही खरी आहे. पण मी चहा पी म्हणालो होतो आणि तिने तो प्यायला होता.

मी उठलो आणि पातेल्यातला उरलेला चहा तिच्या कपात ओतायला गेलो.

तिने कप उजव्या हातात धरला आणि मनगट दोनदा हलवलं.